क्षयाच्या जंतूचे कवच आणि जंतुनाशके : या चुका टाळा

फरशी पुसण्याच्या द्रवाच्या बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापलेले असते आणि कोकणातल्या अनेक घरांत क्षयरुग्णाची खोली त्याच भरवशावर पुसली जाते. हा दावा क्षयाच्या जंतूला लागू पडेलच असे नाही. या जंतूच्या पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकॅनचा (पेशीला आकार देणाऱ्या जाळीचा) थर, त्याला जोडलेले ॲराबिनोगॅलॅक्टन (शर्करांची साखळी) आणि त्यावर ६० ते ९० कार्बन अणूंची मायकोलिक आम्ले (लांब साखळीची मेदाम्ले) अशी रचना असते. या लांब साखळ्या दाटीने रचल्या गेल्यामुळे मेणकापडासारखे आवरण तयार होते, आणि त्यातून पाण्यात विरघळणारी रसायने फार सावकाश आत शिरतात. म्हणूनच जंतुनाशकांना दाद न देण्याच्या क्रमात हा जंतू जीवाणूंच्या बीजाणूंच्या (प्रतिकूल काळात तग धरणाऱ्या सुप्त रूपांच्या) खालोखाल, पण साध्या जीवाणूंच्या बराच वर मोडतो.

पहिली चूक जंतुनाशक निवडतानाच होते. फरशीच्या अनेक द्रवांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. ते आणि त्वचेसाठी वापरले जाणारे क्लोरहेक्सिडीन या जंतूची वाढ रोखू शकतात, पण त्याला खात्रीने मारत नाहीत. घरातले पांढरे फिनाईल म्हणजे हा जंतू मारण्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात ते ५ टक्के फिनॉल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ७० टक्के अल्कोहोल स्वच्छ पृष्ठभागावर उपयोगी पडते. मात्र घट्ट बेडक्यावर ते आत मुरण्याआधीच उडून जाते.

ब्लीचिंग पावडर प्रभावी आहे, पण आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिक फसगत तिच्याच बाबतीत होते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असतो, म्हणून लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम घातल्यास साधारण १ टक्क्याचे द्रावण मिळते. परंतु पावसाळ्यात अर्धवट उघड्या पिशवीत ठेवलेली पावडर दमट हवेने गोळा होते, तिच्यातला क्लोरीन निघून जातो, आणि वजन तेवढेच भरले तरी द्रावण दुबळे होते. त्यातच थुंकीमधील प्रथिने उरलासुरला क्लोरीन खर्च करतात. त्यामुळे पावडर हवाबंद डब्यात ठेवावी, द्रावण रोज ताजे करावे, थुंकीइतके तरी द्रावण भांड्यात ओतावे आणि किमान तासभर तसेच राहू द्यावे; ओतून लगेच धुऊन टाकणे व्यर्थ आहे. संडास साफ करण्याचे आम्ल मात्र त्यात कधीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रयोगशाळेत याच्या उलट चूक होते. कवच अभेद्य आहे असे मानून कल्चरपूर्वी (नमुन्यातले जंतू वाढवून तपासण्यापूर्वी) थुंकीचा नमुना इतर जंतू मारण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये नेमून दिलेल्या १५-२० मिनिटांपेक्षा जास्त ठेवला, तर इतर जंतूंबरोबर क्षयाचे जंतूही मरतात आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. कवच रसायनाला उशीर लावते, कायमचे अडवत नाही. म्हणून येथे घड्याळाला रसायनाइतकेच महत्त्व आहे.

जंतुनाशकांना दाद न देणारा जंतू औषधांनाही दाद देणार नाही, हा आणखी एक गैरसमज रुग्णाचे थेट नुकसान करतो. जंतुनाशकांना दाद न देणे हा या जंतूचा उपजत गुण आहे. औषधांना न जुमानणारा क्षय मुख्यतः जनुकांतील बदलांमुळे उद्भवतो, आणि अर्धवट उपचारांत असे बदललेले जंतू टिकून वाढतात. उलट क्षयावरच्या औषधांपैकी आयसोनियाझिड मायकोलिक आम्लांच्या निर्मितीवर आणि इथॅम्ब्युटॉल ॲराबिनोगॅलॅक्टनच्या निर्मितीवर घाव घालते, म्हणजे जे कवच फरशीच्या द्रवाला रोखते तेच या गोळ्यांचे लक्ष्य आहे. ‘एवढा चिवट जंतू गोळ्यांनी काय मरणार’ म्हणून डोस सोडणे सर्वस्वी चुकीचे आहे.

शेवटची चूक म्हणजे सारे बळ फरशीवर खर्च करणे. क्षय पसरतो तो हवेतून, खोकताना उडालेल्या सूक्ष्म कणांमधून. झडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत हे कण तासन् तास तरंगत राहतात. पाऊस आत येतो म्हणून सगळे बंद करण्याऐवजी वाऱ्याच्या आडोशाची खिडकी आणि तिच्यासमोरचे दार उघडे ठेवावे, रुग्णाची दिवसाची बैठक पडवीत करावी, आणि त्याने खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा.