जड टेलीलेन्स घेऊन हिंडताना या चुका टाळा

नवी १५०-६०० मिमीची टेलीलेन्स (दूरचं जवळ आणणारी) घेतलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. उजव्या मुठीत कॅमेऱ्याची ग्रिप, डावा हात रिकामा, आणि पुढे दोन किलोंचं नळकांडं चालण्याच्या तालावर वरखाली होतंय. जवळ आला की प्रश्न ठरलेले: ६०० ला शार्प येते का, एफ/८ वर नेऊ का, उडत्या पक्ष्याला फोकस कुठला. ही वस्तू धरायची कशी आणि न्यायची कशी, हे कोणी विचारत नाही. दुरुस्तीला जाणाऱ्या ज्या लेन्स मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक फोटो काढताना बिघडलेल्या नव्हत्या. नेताना बिघडल्या होत्या.

आधी वजनं बघा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम. सोनीची २००-६०० फूट (लेन्सखालचा ट्रायपॉडला जोडायचा पाय) काढून २,११५ ग्रॅम. निकॉनची २००-५०० कॉलरसकट (लेन्सभोवतीचं, फूट धरणारं कडं) साधारण २,३०० ग्रॅम. डीएसएलआरसाठीची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठीची) सिग्माची १५०-६०० स्पोर्ट तर २,८६०. यांच्यामागे जी बॉडी, म्हणजे कॅमेरा, लागते ती बऱ्याचदा पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे निदान अडीचपट जड वस्तू आपण हलक्या वस्तूला धरून उचलतो आहोत, आणि मधे आहे फक्त माउंट, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याचा सांधा.

बॉडीला धरून उचलणं

ही माझी पहिली चीड. बॉडीवरची माउंटची रिंग चार ते सहा बारीक स्क्रूंनी आत बसवलेली असते. लेन्सचं वजन त्या रिंगेवर नीट सरळ आलं तर ती सोसते. पण लेन्सचा तोल माउंटच्या बराच पुढे असतो. कॅमेरा आडवा धरला की त्या सगळ्या अंतराची तरफ होते आणि रिंग वरून उचकटली जाते. उभं असताना हे चालून जातं. पायऱ्या उतरताना, गाडीतून उडी मारताना बसणारा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो.

यात लगेच काही तुटत नाही, म्हणून लोकांना खरं वाटत नाही. आधी फोटोच्या चौकटीची एक बाजू किंचित मऊ, धूसर यायला लागते. मग अधूनमधून लेन्स कॅमेऱ्याशी बोलेनाशी होते: कॅननवर ‘एरर ०१’, निकॉनच्या डीएसएलआरवर छिद्राच्या आकड्याऐवजी ‘एफ’ आणि दोन रेघा. माउंटवरचे कॉन्टॅक्ट (धातूचे ठिपके) कोरड्या, स्वच्छ मऊ कापडाने पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पुसूनही हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर लेन्स टेबलावर टेकवा आणि बॉडी हलक्या हाताने हलवून बघा. गोल फिरण्याच्या दिशेने केसभर हालचाल असतेच, त्याला घाबरू नका. रिंग आणि बॉडीमधली फट उघडमिट होताना दिसली, तर मात्र स्क्रू सैल झालेत.

ते स्क्रू घरी आवळू नका. इंटरनेटवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते. जपानी कॅमेऱ्यांतले हे स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण खाच वेगळ्या मापाची असते. चुकीचं टोक घातलं की डोकं गुळगुळीत होतं. शिवाय काही बॉडींत रिंगेखाली अंतर जुळवायला पातळ पत्रे घातलेले असतात. ते सरकले की फोकसच्या तक्रारी सुरू, आणि मग दोष लेन्सला.

मी काय करतो ते सांगतो. लेन्सला कॉलर आणि फूट आहे, तर ते ट्रायपॉडसाठी कमी आणि मुठीसाठी जास्त, असं मी धरून चालतो. चालताना कॉलर फिरवून फूट वर घेतो आणि ते हँडलसारखं पकडतो. कॅमेरा मागे आपोआप लटकतो. फोटो काढताना फूट खाली, डाव्या तळव्यावर. उजव्या हाताचं काम बटणं दाबणं आणि चाकं फिरवणं, वजन पेलणं नव्हे. बॅगेतून काढतानाही आधी फूट. दुसऱ्याच्या हातात देताना फूट त्याच्याकडे करून देतो, आणि तो तोंडाने ‘धरलंय’ म्हणेपर्यंत सोडत नाही. लोक हसतात. हसू देत.

एक धोका इथेच आहे. कॉलर फिरवायचं चाक आणि फूट काढायचं चाक काही लेन्सवर अगदी जवळजवळ असतात. काहींची कॉलर तर चाक सैल करून खुंटी ओढली की बिजागरीवर पूर्ण उघडते. फूट धरून चालत असताना चुकीचं चाक फिरवलं, तर हातात फूट राहतं आणि लेन्स जमिनीवर. नवी लेन्स आणल्यावर पहिलं काम गादीवर बसून कुठलं चाक काय करतं हे बघण्याचं.

एका स्क्रूवर सगळा भरवसा

खांद्यावरून तिरका जाणारा स्लिंग पट्टा उत्तम वस्तू आहे. मानेवर ओझं येत नाही, हात मोकळे राहतात. पण बहुतेक स्लिंग पट्टे फुटाच्या पाव इंची आट्यात एकच स्क्रू घालून लटकतात. प्रत्येक पावलाला लेन्स थोडी झुलते आणि थोडी पिळते. स्क्रूखालचा रबरी वॉशर दबत जातो, पकड कमी होते, आणि मग उघडण्याच्या दिशेचा प्रत्येक पीळ स्क्रू किंचित मागे आणतो. दुपारपर्यंत तो दीड-दोन आट्यांवर उभा असतो, आणि वरून काही कळत नाही.

एका पाणथळ जागी आमच्याबरोबर एक गृहस्थ होते. लेन्स नवी, पट्टाही नवा. पट्ट्याच्या खोक्यात एक आखूड सुरक्षा दोरी येते, जी पट्ट्यावरून कॅमेऱ्याच्या कडीला स्वतंत्रपणे जोडायची असते. ती कुठे दिसेना म्हणून मी विचारलं. म्हणाले, “ती लावली की पटकन वर घेता येत नाही, मधे येते.” मी म्हटलं, “मधे येण्यासाठीच आहे ती.” ते हसले. हे असे लोक ‘पटकन’ या एका गोष्टीपायी काय काय सोडतात!

उन्हं वर येईपर्यंत आम्ही बांधावरून चालत होतो. पाणडुबी पक्षी दिसला म्हणून ते खाली बसायला वाकले, आणि धप्प आवाज आला. एवढाच. काच फुटल्याचा, तुटल्याचा काही नाही. लेन्स मागच्या बाजूने पडली होती, म्हणजे कॅमेरा आधी दगडावर. माउंटची रिंग एका बाजूने उचकटलेली, लेन्सच्या मागचा एक कान, म्हणजे माउंटमध्ये अडकणारी जीभ, वाकलेला. पुढची मोठी काच, जिच्यावर त्यांनी महागडा फिल्टर जपून लावला होता, तिला ओरखडासुद्धा नव्हता. आणि त्यांच्या कमरेशी पट्ट्याच्या टोकाला तो स्क्रू धडधाकट लोंबत होता.

त्यांनी लगेच पट्ट्याच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली. मी स्क्रू हातात घेऊन पाहिला. आटे शाबूत, वॉशर शाबूत. काहीही तुटलेलं नव्हतं. तो नुसता उलगडला होता.

म्हणून माझा हट्ट असा: वजन पेलणाऱ्या जोडाशिवाय दुसरा एक जोड हवा, आणि तो पहिल्यावर अवलंबून नको. पट्ट्यापासून कॅमेऱ्याच्या कडीला, किंवा लेन्सच्या कॉलरवर कड्या असतील तर त्यांना. कडीला लावायचे पीक डिझाइन कंपनीसारखे दोरीचे अँकर (पट्टा अडकवायचे तुकडे) वापरत असाल तर दोरी झिजून आतला वेगळा रंग दिसू लागला की ते फेकून द्या, ‘अजून चालतंय’ करू नका. शिवाय थांबलो की बोटं स्क्रूकडे जातात. पाणी प्यायला थांबलो, स्क्रू. बूट बांधला, स्क्रू. हे आता विचार करून होत नाही.

फुटाखाली कायमची प्लेट (ट्रायपॉडवर बसवायची पट्टी) लावायची असेल तर तिच्या स्क्रूला आटे धरून ठेवणारा निळा द्रव एक थेंब लावा, लॉकटाइट २४२ च्या जातीचा. निळाच. लाल लावलात तर उघडताना गरम करावं लागतं, आणि लेन्सजवळ ते कोणी करू नये. रोज काढायच्या पट्ट्याच्या स्क्रूला मात्र काही लावू नका. प्लेट नाण्याने आवळणाऱ्यांनी एक ॲलन की (षटकोनी किल्ली) बॅगेत ठेवावी. आणि आर्का पद्धतीच्या, म्हणजे क्लॅम्पच्या खाचेत सरकवायच्या, प्लेटच्या टोकांना जे चिमुकले अडथळ्याचे स्क्रू असतात, ते ‘अडतात’ म्हणून काढू नका. क्लॅम्प सैल राहिला तर प्लेट घसरून बाहेर पडू नये, एवढंच त्यांचं काम. दांडी दाबून बंद होणारा क्लॅम्प दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर घट्ट बसेलच असं नाही. तिथे फिरवून आवळायचा क्लॅम्प जास्त विश्वासाचा.

ट्रायपॉडसकट खांद्यावर

दिसायला रुबाबदार. पण लेन्स पाठीमागे असते, म्हणजे फांदी, दाराची चौकट आणि मागून येणाऱ्या माणसाचं कपाळ यातलं काहीच तुम्हाला दिसत नाही. दहा पावलांवर जागा बदलायची असेल तर पाय मिटून सगळं छातीसमोर उभं धरून जा. त्याहून लांब असेल तर लेन्स उतरवा. गिंबलची (जड लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्याची) दोन्ही चाकं उचलण्याआधी आवळा. उतारावर ट्रायपॉड उभा करताना एक पाय उताराकडे, आणि वारा असेल तर त्याला सोडून चहा प्यायला जायचं नाही.

बाकीच्या, ज्यांवर फार बोलायची गरज नसावी

बॅगेची चेन एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. ‘नुसतं झाकण टाकलंय’ अशी अवस्था नको. ती बॅग दुसरा कोणीतरी उचलतो.

चालताना झूम आत घेऊन कुलूप लावा, नाहीतर नळी स्वतःच्या वजनाने बाहेर येते. निकॉनची २००-५०० फक्त २०० वर कुलूपबंद होते, हे लक्षात ठेवा.

हुड (लेन्सच्या पुढची नळी) चालताना सरळ लावा. धक्का लागला तर तो आधी खातो. उलटा हुड बॅगेत.

गळ्यातला मूळ पट्टा अडीच-तीन किलोंसाठी नाही. मानेला विचारा.

गाडी चालू असताना लेन्स मांडीवर किंवा बंद बॅगेत. मोकळ्या सीटवर नाही, पहिल्या ब्रेकला ती खाली येते.

लांबच्या प्रवासात बॉडी आणि लेन्स वेगळी करून भरा. जोडलेली जोडी बॅगेसकट आपटली की मार नेमका माउंटवर बसतो. विमानात दोन्ही हातातल्या सामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इनमध्ये चालतच नाहीत.

लेन्समधून खुळखुळ येतेय

ही घाबरलेली विचारणा हमखास येते. कॅमेरा बंद असताना कंप थोपवणारा आतला काचगट काही लेन्समध्ये मोकळा असतो आणि हलवल्यावर वाजतो. काहींत तो बंद करताना जागेवर अडकतो. पण कॅमेरा चालू ठेवूनच लेन्स काढली तर अडकायचा राहतो आणि मग प्रवासभर आपटत बसतो. लेन्स परत लावा, कॅमेरा चालू करा, बंद करा, क्षणभर थांबून काढा. बहुतेक वेळा आवाज जातो. घाई करणाऱ्यांना हा एक क्षण फार जड जातो.

लेन्स पडलीच असेल तर आधी चालू करून बघायचा मोह आवरा. माउंटच्या कडा, मागचे कान आणि फुटाचे स्क्रू नजरेखालून घाला. मग झूम आणि फोकसची रिंग अगदी हळू फिरवा. कुठे खरखर लागली किंवा अडली, तर तिथेच थांबा, जोर लावू नका. दुरुस्तीला नेताना बॉडीही बरोबर न्या. वाकडेपणा दोघांपैकी कोणात आहे, हे एकटी लेन्स पाहून कळत नाही.