गॅसच्या खोदकामाआधी घरच्या बोअरच्या पाण्याची तपासणी कशी करून घ्यावी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात खासगी बोअरच्या पाण्याची तपासणी सरकार करत नाही. ती जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे मार्सेलस शेल या जमिनीखाली खोल असलेल्या खडकाच्या थरातील गॅससाठी घराजवळ खोदकाम होणार असल्याचे कळताच, ड्रिलिंग सुरू होण्याआधी, राज्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावे. हा आधीचा अहवाल हाती नसेल, तर पुढे पाणी बिघडल्यावर ते कशामुळे बिघडले हे सिद्ध करणे फार अवघड जाते, कारण त्या भागातील काही विहिरींत मिथेन (नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक) मुळातच असतो.

तपासणीत मिथेन, क्लोराइड, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि एकूण विरघळलेले क्षार अवश्य असावेत. खडकातून गॅसबरोबर वर येणारे पाणी अतिशय खारट असते आणि त्याची खूण याच घटकांत सापडते. नमुना स्वतः भरू नये. प्रयोगशाळेच्या माणसाने तो फिल्टर आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) यांच्या आधीच्या नळातून घ्यावा. मिथेनसाठीची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरलेली आहे ना, हे तेथे उभे राहून पाहावे, कारण हवेची जागा राहिली तर गॅस पाण्यातून निसटतो आणि आकडा खोटा कमी येतो.

कंपनीचा माणूस नमुना घ्यायला आला तर त्याला अडवू नये. २०१२ च्या राज्य कायद्यानुसार, अशा गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम संपल्यापासून १२ महिन्यांत पाणी दूषित झाले, तर दोष कंपनीचा मानला जातो. मात्र मालकाने आधीच्या तपासणीला नकार दिला असेल, तर कंपनीला त्या आधारे हात झटकता येतात.

खोदकामानंतर नळ फसफसू लागला किंवा पाणी गढूळ झाले, तर काडी लावून पाहण्याचा प्रकार कदापि करू नये. मिथेनला वास नसतो (स्वयंपाकाच्या गॅसला तो मुद्दाम दिलेला असतो) आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होतो. पेनसिल्व्हेनियातील डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या विहिरीवरील काँक्रीटचे झाकण असेच उडाले होते. घरात गॅस साचल्याची शंका आल्यास बटणांना हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे व अग्निशमन दलाला बोलवावे. त्यानंतर राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाकडे तक्रार करून सोबत आधीचा अहवाल जोडावा. विभागाने १० दिवसांत चौकशी सुरू करून ४५ दिवसांत निष्कर्ष द्यावा, असे कायदा सांगतो.