पिकअपच्या आरशात दिवे: खाऱ्या हवेत टिकेल असं वायरिंग

बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की व्ही-क्रॉस, साईड मिररमध्ये दोन दिवे बसवून घेण्यासारखे आहेत. एक पिवळा, इंडिकेटरबरोबर लुकलुकणारा. दुसरा पांढरा, आरशाच्या पोटातून खाली आणि थोडा मागे पडणारा. पिवळ्याचा फायदा घाटातल्या वळणावर: शेजारून ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीला मागचा इंडिकेटर दिसत नाही, आरशातला दिसतो. पांढऱ्याची गरज पहाटे जेटीवर किंवा चिऱ्याच्या दोन गडग्यांमधून गाडी मागे घेताना कळते. रिव्हर्सचा दिवा मागचं दाखवतो, पण मागचं चाक आणि धक्क्याची कड अंधारातच राहते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या आरशातला पांढरा दिवा जास्त कामाचा. पैसे एकाच बाजूपुरते असतील तर डावी करा.

किनाऱ्यावर असे दिवे सहसा एलईडी जळून बंद पडत नाहीत, जोड खराब होऊन बंद पडतात. हवेतलं मीठ तारेवर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही जोड कोरडा राहत नाही. तांबं हिरवं पडतं, मग काळं. हे पाणी तारेच्या बारीक पदरांमधून इन्सुलेशनच्या आतही चढतं, म्हणून वरून धडधाकट दिसणारी वायर सोलली की वीतभर आतपर्यंत काळी निघते. यावर उपाय म्हणजे जोड कमीत कमी ठेवायचे आणि जमतील तेवढे केबिनमध्ये आणायचे. पुढची सगळी मांडणी त्याच हिशोबाने आहे.

कायद्याचं आधी बघून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटर पिवळाच हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. नियम १०८ प्रमाणे गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि रिव्हर्स घेतानाचा पांढरा दिवा यांना सूट आहे. म्हणजे आरशातला पांढरा दिवा चालत्या गाडीत मागच्याच्या डोळ्यांत गेला तर तो नियमबाह्य. निळे-जांभळे दिवे आणि पळते इंडिकेटर दुकानात भरपूर मिळतात, ते तिथेच राहू द्या.

सामान

दोन्ही बाजूंसाठी: १८ किंवा २३ मिलिमीटरचे ईगल आय एलईडी (गोल, आट्यांच्या बोल्टसारखे दिवे), दोन अंबर म्हणजे पिवळे आणि दोन पांढरे. तीन पदरी वायर ६ मीटर, ०.५ स्क्वेअर एमएम, प्रत्येक पदरात ०.२ मिलिमीटरच्या १६ तारा असलेली. एकेरी वायर ४ मीटर. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे १एन५४०८ डायोड दोन, एखादा जास्तीचा असू द्या. पायलट दिवा असलेला डॅश स्विच एक, फ्युज टॅप (फ्युजच्या खाचेत बसून नवी वायर काढून देणारा) एक, ३ अँपिअरचे ब्लेड फ्युज. आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब, लाल बट कनेक्टर (वायरींची टोकं आत दाबून जोडायची नळी), रिंग थिंबल (बोल्टखाली बसणारं वायरीचं गोल टोक), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात वायर घासू न देणारं कडं), सिलिकॉन ग्रीस, झिंक प्रायमर.

वायर कथलाचा मुलामा दिलेली मिळाली तर उत्तम. बोटींचं इलेक्ट्रिक सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. सोलल्यावर तार तांबूस न दिसता चंदेरी दिसते. किंमत जास्त पडते, पण इथे लागणाऱ्या लांबीला तो फरक किरकोळ आहे.

एलईडीच्या पाकिटावर ‘९ वॉट’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून करंट मोजा. १२ व्होल्टला पाव अँपिअर आला तर दिवा ३ वॉटचा, आणि आरशाला तेवढा पुरतो. त्याहून मोठा घेतला तर प्लास्टिकच्या कवचात उष्णता कोंडते.

पट्टीचा एलईडी टाळा. तिच्यात बहुतेक वेळा तीन एलईडी आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये असतो. तीन पांढरे एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट खातात. बॅटरी १२ वर असेल तर उरलेल्या २.४ व्होल्टने १६ मिलिअँपिअर वाहतात. इंजिन चालू झालं, अल्टरनेटरने १४.४ दिले, की उरतात ४.८ व्होल्ट, म्हणजे ३२ मिलिअँपिअर. करंट थेट दुप्पट. टेबलावर झकास दिसणारी पट्टी गाडीत महिन्या-दोन महिन्यांत काळवंडते ती यामुळे. आत करंट सांभाळणारा ड्रायव्हर असलेला, ‘९ ते ३० व्होल्ट’ लिहिलेला दिवा घ्या.

जोडणी

प्रत्येक आरशाला तीनच वायरी जातात: इंडिकेटर, पांढरा आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी काळी वायर).

पिवळा दिवा त्या-त्या बाजूच्या इंडिकेटरला पॅरलल जोडायचा. फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) त्रास होत नाही, कारण मूळ बल्ब (पुढे २१, मागे २१, फेंडरला ५ वॉट) मिळून ४ अँपिअरच्या आसपास घेतात आणि एलईडीची भर जेमतेम पाव अँपिअरची. मूळ बल्ब काढून एलईडी घातला तर मात्र फ्लॅशर समजतो की बल्ब उडाला आणि दुप्पट वेगाने टिकटिकतो. हझार्डही याच वायरीवरून येतो, त्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

पांढऱ्या दिव्याला दोन ठिकाणांहून सप्लाय हवा: रिव्हर्स पडला की आपोआप, आणि माल चढवताना स्विचवरून. दोन्ही वायरी सरळ एकत्र बांधल्या तर स्विच दाबताच मागचे रिव्हर्स लाईटही पेटतील. म्हणून प्रत्येक वाटेत एक डायोड. डायोडवरची चंदेरी पट्टी दिव्याकडे, दुसरं टोक सप्लायकडे. दोन्ही डायोडच्या पट्टीकडची टोकं एकत्र करून तिथून दोन्ही आरशांना पांढऱ्याची वायर काढायची. यात साधारण पाऊण व्होल्ट पडतो, उजेडात फरक कळत नाही.

१एन४००७ स्वस्त आहे आणि १ अँपिअर झेपवतो, दोन्ही दिवे मिळून लागतो अर्धाच. तरीही १एन५४०८ घ्या, कारण त्याचे पाय जाड असतात आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने मुळातून तुटत नाहीत.

रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचा की नाही? इलेक्ट्रिशियन हमखास लावायला सांगेल. ६ वॉटसाठी गरज नाही. रिले म्हणजे आणखी चार-पाच जोड, आणि ते वाढवायचे नाहीत हेच तर ठरलंय. प्रत्येक बाजूला १० वॉट किंवा जास्तीचा दिवा लावणार असाल, किंवा गाडीतले दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर (दिवे सांभाळणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरवर) चालत असतील, तर रिले घ्या. मग रिव्हर्सच्या वायरीवर फक्त कॉइलचा ०.१५ अँपिअरच्या आसपासचा करंट येतो.

स्विचचा सप्लाय इग्निशनवरून न घेता कायम चालू असलेल्या फ्युजवरून घ्या, कारण माल चढतो तेव्हा इंजिन बंद असतं. अर्ध्या अँपिअरने आठ तासांत ४ अँपिअर-तास जातात, बॅटरीला ते काहीच नाही. पण दिवा तीन दिवस विसरला तर ३६ जातात आणि गाडी ढकलावी लागते. पायलट दिव्याचा स्विच त्यासाठीच.

फ्युज टॅपला दिशा असते. मूळ फ्युज काढून टेस्ट लॅम्पने बघा, खाचेच्या कुठल्या पिनला सप्लाय आहे. टॅपचा दोन्ही फ्युजना सामाईक असलेला पाय त्या पिनकडे गेला पाहिजे. उलटा लागला तरी दिवा पेटतो, पण आपला करंट गाडीच्या मूळ फ्युजमधूनही जातो.

आरसा आणि दार

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. आरसा दाराच्या पुढच्या तिकोनावर असेल तर आतलं तिकोनी कव्हर ओढून काढल्यावर नट दिसतात, बहुधा दहाच्या पान्याचे. शेवटचा नट सोडताना बाहेरून आरसा धरायला माणूस हवा. काच काढायची असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून खालच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीने उचला. थंड प्लास्टिकच्या क्लिपा तडकतात.

पांढऱ्यासाठी कवचाच्या तळाला, दाराकडच्या बाजूला भोक पाडा. भोक दिव्याच्या आट्यांच्या मापाचं, तोंडाच्या मापाचं नव्हे. पिवळा बाहेरच्या कडेला, पुढून आणि बाजूने दिसेल असा. मग तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं आणखी एक भोक पाडायचं, पाणी निघायला. हे बहुतेक जण विसरतात आणि उलट कवच चारी बाजूंनी सिलिकॉनने बुजवतात. कोकणातल्या पावसात पाणी कुठून तरी आत जाणारच, त्याला बाहेरची वाट हवी. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं.

एलईडीची स्वतःची शेपटी वीतभरच असते, त्यामुळे आरशातला जोड टळत नाही. तो बट कनेक्टरने दाबा, वर गोंदाची हीट श्रिंक चढवा आणि दोन्ही टोकांनी गोंद बाहेर येईपर्यंत हीट गनने तापवा. लायटरने ट्यूब जळते, गोंद आत कच्चा राहतो. जोड कवचात वरच्या बाजूला बांधा, तळाला लोळू देऊ नका.

दारातून वायर नेताना काच पूर्ण खाली करून तिची वाट बघून घ्या आणि वायर त्या वाटेच्या बाहेर, प्लास्टिक शीटच्या केबिनकडच्या बाजूला बांधा. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी बूट असेल तर त्यातूनच न्या. साध्या मॉडेलला नसेल तर दोन्हीकडे भोक पाडून बूट बसवावा लागतो. कापलेल्या पत्र्याच्या कडेला लगेच झिंक प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज पसरतो. दार पूर्ण उघडून वायरची लांबी घ्या, वर ५०-६० मिलिमीटर ढील सोडा. भोकात शिरण्याआधी वायर खाली झोका घेऊन वर चढली पाहिजे, म्हणजे पागोळी तिच्यावरून आत न येता झोक्याच्या तळाला गळून पडते.

टॅप आणि अर्थ

इंडिकेटरचा टॅप (मूळ वायरीतून काढायचा फाटा) फेंडरमध्ये घेऊ नका, चाकाचं पाणी तिथेच उडतं. रिव्हर्सचा टॅप मागच्या दिव्यापाशी तर मुळीच नको. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी त्याच्यावरून वाहतं. दोन्ही वायरी केबिनमध्ये, पायाशेजारच्या साईड कव्हरमागच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) शोधा. रंगांवर भरवसा ठेवू नका, मॉडेल आणि वर्षाप्रमाणे ते बदलतात. शोधताना बॅटरी तात्पुरती जोडा, टेस्ट लॅम्प लावा आणि इंडिकेटर द्या. लुकलुकेल ती वायर. रिव्हर्ससाठी चाकाला दगड, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी ऑन, गिअर रिव्हर्समध्ये. सापडल्यावर निगेटिव्ह पुन्हा सोडायची. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

टॅपसाठी निळी चिमटा-क्लिप वापरू नका. तिचं पातं तारेचे काही पदर कापतं आणि तिथे उघडं तांबं राहतं. वायर कापून, सोललेलं तांबं लख्ख आहे ना हे बघून, दोन्ही टोकं आणि नवी वायर एका कनेक्टरमध्ये दाबा. कथलाने जोडलंत तरी चालेल, फक्त कथील शोषलेला भाग कडक होतो आणि त्याच्या कडेला तार तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू लूमला बांधा. नुसती काळी टेप उन्हात गोंद सोडते.

अर्थ आरशाच्या स्क्रूवर किंवा दारावर घेऊ नका. दाराचा अर्थ बिजागरीतून जातो, आणि बिजागरीत रंग, ग्रीस, गंज सगळं असतं. काळी वायर केबिनमध्ये आणून बॉडीच्या बोल्टवर घ्या: रंग खरवडा, थिंबल लावा, आवळा, आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आवळण्याआधी थापू नका.

तपासणी

१५ सेकंदांत पिवळा १५ ते ३० वेळा लुकलुकला पाहिजे. पांढरा चालू ठेवून एलईडीची काळी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा, ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर बोल्टखाली रंग राहिलाय. मग अंधारात गाडीच्या ५ मीटर मागे उभे राहा: जमिनीवरचा उजेड दिसावा, एलईडीचा ठिपका दिसू नये. शेवटी आरशावर दहा मिनिटं पाईपने पाणी मारा आणि तळाच्या भोकातून ते निथळतंय का बघा.

स्विच दाबल्यावर रिव्हर्स लाईट पेटले तर रिव्हर्सच्या वाटेतला डायोड शॉर्ट झालाय किंवा उलटा बसलाय. एका सप्लायवर दिवा पेटतो आणि दुसऱ्यावर नाही, तर त्या वाटेतला डायोड उलटा बसलाय किंवा तुटलाय. एक इंडिकेटर दिला आणि दोन्ही बाजू लुकलुकल्या, तर डावी-उजवी कुठेतरी एकमेकींना लागली आहे. मूळ बल्बच्या जागी एलईडी घातलेत आणि इंडिकेटर बंद असताना पिवळा मिणमिणत असेल, तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमधून थोडा करंट गळतोय. एलईडीला पॅरलल १ किलोओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. रेडिओवर खरखर फक्त पांढरा चालू असतानाच येत असेल तर एलईडीचा ड्रायव्हर हलका आहे, दिवाच बदला.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मासळीच्या गाड्यांना उसंत मिळते, पण तपासणी तोवर थांबवू नका. आगोटीच्या कामांबरोबर मे महिन्यातच तळाचं भोक काडीने मोकळं करा, अर्थचा बोल्ट पुन्हा आवळा आणि ग्रीस बदला.