चोंदलेले नाक आणि मिठाचे पाणी : माझा अनुभव

सर्दी झाली की माझे नाक रात्री हमखास चोंदते आणि तोंडाने श्वास घ्यावा लागल्यामुळे घशाला कोरड पडून झोपमोड होते. सर्दी विषाणूंमुळे होत असल्याने तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ती बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप ओसरते. मला खरा आराम मिळाला तो मिठाच्या पाण्याने. पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, पाव लिटरला अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवावे, बेसिनवर वाकून मान तिरपी करावी आणि हे पाणी भरलेल्या नेतीपात्राची (नाक धुण्याच्या छोट्या भांड्याची) तोटी वरच्या नाकपुडीला लावून तोंडाने श्वास घेत राहावे, म्हणजे दुसऱ्या नाकपुडीतून पाण्याबरोबर चिकट शेंबूडही बाहेर पडतो. न उकळलेले नळाचे पाणी मात्र कदापि वापरू नये, कारण त्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मी लांबवत नाही; ते तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट जास्तच चोंदू लागते. रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मध पुरतो, परंतु वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नये. धाप लागल्यास किंवा ताप हटत नसल्यास डॉक्टरांनाच दाखवावे.