पगार गुजरातमा, घर महाराष्ट्रमा: रिटर्न कसं भरायचं

नवापूर स्टेशनवर एक बाकडं आहे. मधोमध रेघ, रेघेच्या एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. बाहेरगावचे लोक त्यावर बसून फोटो काढतात. आमच्याकडचे लोक त्यावर डबा ठेवून सुरतेच्या गाडीची वाट बघतात. जून उजाडला की हीच मंडळी फॉर्म १६ ची, म्हणजे मालकाने दिलेल्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्याची, घडी खिशात घालून माझ्या टेबलाशी येतात. प्रश्न ठरलेला: "ताई, पगार गुजरातमा, घर महाराष्ट्रमा, मंग टॅक्स कोठे भरू?"

मी आता रिटर्न भरून देते, पण त्याआधी चार वर्षं मीही त्याच गाडीने सुरतेला जायचे, कापड मार्केटात हिशेब लिहायला. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं हा प्रश्न मलाही होता.

उत्तर सोपं आहे. इन्कम टॅक्स नवापुरात बसून भरा नाहीतर सुरतेत, जातो केंद्राकडेच. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र यादीत ८२ व्या नोंदीत शेती सोडून बाकीच्या उत्पन्नावरचा कर केंद्राला दिलाय. म्हणून पॅन एक, रिटर्न एक. सुरतेचा पगार, नवापूरच्या घराचं भाडं, पोस्टातलं व्याज, सगळं त्याच एका फॉर्मात. राज्यांच्या वाट्याला दोन गोष्टी राहिल्या: शेतीच्या उत्पन्नावरचा कर आणि व्यवसाय कर. या दोन्हींकडे पुढे येतेच.

आपलं हे किती सुखाचं आहे ते माझ्या दिराच्या मुलाला विचारा. तो अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कला नोकरीला जातो. तिथे केंद्राचं रिटर्न वेगळं आणि राज्यांची वेगळी. न्यूयॉर्कला तो 'इथे राहत नाही पण इथे कमावतो' म्हणून आयटी-२०३ भरतो. घरच्या न्यू जर्सीला सगळ्या उत्पन्नाचं रिटर्न देतो आणि न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट तिथे मागतो. क्रमही तोच ठेवावा लागतो, आधी परक्या राज्याचं, मग घरचं, कारण पहिल्याचा आकडा दुसऱ्यात लागतो. त्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाबा, आमचं बाकडं बरं.

आपल्याकडे सीमा दिसते ती पगाराच्या चिठ्ठीतल्या एकाच ओळीत. गुजराती चिठ्ठीवर ती 'व्यवसाय वेरो' म्हणून येते, आपल्याकडे 'व्यवसाय कर' किंवा नुसतं 'पीटी'. हा कर तुम्ही राहता कुठे यावर नसतो, काम करता कुठे यावर असतो, आणि नोकरदाराचा तो मालकच पगारातून कापून भरतो. सुरतेच्या मालकाने कापला की त्याच नोकरीसाठी महाराष्ट्रात पुन्हा भरायचा नाही. निर्धास्त घरी जा.

फरक दरांत आहे. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की १७५, दहा हजारांच्या वर गेला की २००, आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीनेच काय घोडं मारलंय, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० चे झाले २,२००, उरलेले ३०० एका महिन्यात. ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० झाली आणि तिथेच थांबली. गुजरातेत सरळ हिशेब: बारा हजारांपर्यंत काही नाही, त्यापुढे महिन्याला २००, फेब्रुवारीलाही तेवढेच. मी सुरतेची नोकरी धरली ती मार्चात. नंदुरबारच्या शेवटच्या पगारातून ३०० गेले ते फेब्रुवारीचे म्हणून, आणि मला वाटलं मुनीमाने शंभर खाल्ले. जाऊन भांडूनही आले. त्याचं काही चुकलं नव्हतं.

बायकांनी हा फरक नीट बघावा. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर नाही. गुजरातेत अशी वेगळी सवलत नाही. म्हणजे १८,००० पगाराची नर्स नंदुरबारला नोकरी करत असेल तर शून्य, व्याऱ्याला जात असेल तर वर्षाला २,४००. उलट महिना ११,००० मिळवणाऱ्या पुरुषाला गुजरातेत काही नाही आणि इकडे २००. त्यावर उपाय नाही, फक्त माहीत असावं, म्हणजे माझ्यासारखं उगाच भांडायला जायला नको.

रावेर-यावलकडून बऱ्हाणपूरला जाणाऱ्यांचं मध्य प्रदेशचं गणित वार्षिक आहे. सव्वादोन लाखांपर्यंत माफ, तीन लाखांपर्यंत १,५००, चार लाखांपर्यंत २,०००, त्यापुढे २,५००. शेवटच्या टप्प्यात महिन्याला २०८ कापतात आणि शेवटच्या महिन्यात २१२. बाराने भागून बघा, म्हणजे चार रुपयांचं कोडं सुटेल.

रिटर्नमध्ये या कराची वजावट फक्त जुन्या कर पद्धतीत मिळते. नवी पद्धत, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत अशी, घेतली असेल तर विसरा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना आता नवीच फायद्याची पडते.

आता जिथे खरोखर पैसे जातात ते सांगते. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणं. राज्याची हद्द ओलांडून माणूस जातो, नवा मालक जुन्याला ओळखत नाही, आणि आधीच्या पगाराचा कागद मागायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. परवा शहाद्याचा एक इंजिनिअर आला. २०२५-२६ मध्ये पहिले सात महिने नाशकात महिना एक लाख, पुढचे पाच महिने सुरतेजवळ हजिऱ्याला एक लाख चाळीस हजार. दोन्हीकडून सात-सात लाख झाले. नाशिकच्या मालकाने सात लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळते ती) धरली, उरले सव्वासहा लाख, नव्या पद्धतीत बारा लाखांच्या आत म्हणून कर शून्य. हजिऱ्याच्या मालकानेही हेच केलं. दोघांपैकी एकानेही रुपयाचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापून भरायचा कर, कापला नाही. पठ्ठ्या रिफंड येईल या आशेने आला होता.

रिटर्नमध्ये मात्र दोन्ही पगार एकत्र येतात. चौदा लाख. प्रमाणित वजावट दोनदा नाही, एकदाच. उरले सव्वातेरा लाख, म्हणजे बारा लाखांची सवलत गेली. बारा लाखांपर्यंतच्या टप्प्यांचे ६०,०००, वरच्या सव्वा लाखावर पंधरा टक्क्यांनी १८,७५०, त्यावर चार टक्के उपकर. एकूण ८१,९००. आगाऊ कर भरला नाही म्हणून इन्कम टॅक्स कायद्याच्या २३४ ब आणि २३४ क कलमांखाली व्याज वेगळं, जुलैत भरलं तर तेही सात हजारांच्या वर. पोरगा समोर बसून दोन्ही फॉर्म १६ पुन्हा पुन्हा उलटत होता, जणू एखाद्या पानावर टीडीएस चिकटून राहिला असेल.

म्हणून नोकरी बदलली की पहिल्या पगाराआधी नव्या ऑफिसात जुन्या नोकरीच्या पगाराचा आणि टीडीएसचा लेखी तपशील द्या आणि पोच घ्या. तो दिला की नवा मालक एकत्र हिशेब करून उरलेल्या महिन्यांत कर कापतो. एकदम डोक्यावर येत नाही. ते राहून गेलं असेल तर निदान १५ मार्चच्या आत आगाऊ कर स्वतः भरा. आणि एकच फॉर्म १६ घेऊन माझ्याकडे येऊ नका. दुसरा पगार लपत नाही, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाचा सरकारकडे जमा झालेला वर्षाचा तपशील, उघडलं की दोन्ही मालक शेजारी शेजारी दिसतात.

दुसरी जड गोष्ट शेती. नोकरी सुरतेत असली तरी सातबारा इकडेच असतो. कोणाची केळी रावेरला, कोणाची पपई शहाद्याला, कोणाची मिरची नंदुरबारच्या पथारीवर वाळत पडलेली. शेतीचं उत्पन्न इन्कम टॅक्सला माफ आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माफ आहे म्हणजे लिहायचं नाही, असं नव्हे. वर्षाचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१, ज्याला 'सहज' म्हणतात, तो चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. पाच लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं.

माफ असलेली शेती पगारावरचा कर मात्र वर ढकलू शकते. पगाराचे वजावटीनंतर पंधरा लाख उरले तर नव्या दरांनी कर १,०५,००० होतो. त्याच माणसाला मिरचीचे निव्वळ तीन लाख मिळाले असतील तर आधी अठरा लाखांवर कर काढायचा, १,६०,०००. मग चार लाखांची मूळ माफी अधिक शेतीचे तीन, अशा सात लाखांवरचा १५,००० वजा करायचा. राहिले १,४५,०००. शेतीवर कर लागला नाही, पण शेतीमुळे चाळीस हजार वाढले. पगार वजावटीनंतर बारा लाखांच्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही, सवलतीत सहसा सगळं धुऊन निघतं, फक्त फॉर्म बरोबर निवडा. बियाणं, खत, मजुरी, भाड्याची गाडी यांचा खर्च वजा करूनच आकडा लिहा आणि आडत्याच्या पट्ट्या जपून ठेवा. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि पैसाही त्यांच्याकडेच जात असेल, तर ते उत्पन्न तुमचं नाही. मोठं कर्ज मिळावं म्हणून शेती फुगवून दाखवा असं सांगणारे आमच्या धंद्यात आहेत. मी ते करत नाही.

घरभाड्याची वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे, आणि भाडं खरंच देत असाल तरच. उधन्याला खोली घेऊन शनिवारी घरी येणाऱ्याला ती मिळते, गुजरातीतली पावती चालते. रोज ये-जा करणाऱ्याला रेल्वेच्या पासावर मिळत नाही.

आणखी एक गैरसमज. आदिवासी नोकरदाराला इन्कम टॅक्स नाही, असं अक्कलकुवा-धडगावकडे बरेच जण ऐकून येतात. कलम १०(२६) ची ती माफी नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, आसाम-मेघालयातले ठरावीक भाग आणि लडाख इथल्या अनुसूचित जमातींना आहे. नंदुरबार त्यात नाही. जात प्रमाणपत्र जोडून रिफंड मागितलात तर उलट नोटीस येईल.

शेवटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर तपासा. माझं खातं पहिल्यांदा उघडलं ते सुरतेच्या पेढीच्या मेहताजींनी, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल घालून. दुकानातल्या सगळ्यांचं असंच. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी एक नोटीस आली ती त्यांच्या ईमेलवर, आणि मला कळलं तेव्हा उत्तराची मुदत संपून महिना झाला होता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपीही त्यांच्याच फोनवर. आधार ओटीपीने पासवर्ड बदलता येतो, तो थेट आधारला जोडलेल्या नंबरावर येतो. तसं आत शिरून आधी मोबाइल, ईमेल आणि पत्ता बदला. पत्ता घर आहे तिथला द्या, खोलीचा नको. रिफंडसाठीचं बँक खातं कुठल्याही राज्यातलं चालतं, फक्त ते पॅनला जोडलेलं आणि पोर्टलवर पडताळलेलं हवं.

पगारदारांची मुदत ३१ जुलै. रिटर्न पाठवल्यापासून तीस दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. तीस दिवस उलटले तर पडताळणी केली तीच तारीख रिटर्नची धरतात, आणि पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर उशिराचे पाच हजार लागतात. गाडीत रेंज जाते, तेव्हा ओटीपी बाकड्यावर बसूनच घ्या.