जुन्या साड्यांची गोधडी: कापड आणि रंग

गोधडीला वापरून मऊ पडलेलं सुतीच कापड घ्यावं: नऊवारी, धोतर, जुने सदरे. सिंथेटिक साडी टाक्यांखाली सरकते आणि जरीचा काठ अंगाला टोचतो, तो उसवून काढा. कापड उजेडासमोर धरा. जिथं विरलेलं दिसेल तो भाग आतल्या थरात घाला.

रंग ठरवण्याआधी ओला पांढरा फडका प्रत्येक तुकड्यावर घासा. लाल आणि गडद निळा फार दगा देतात. डाग उतरला, तर तो तुकडा नितळ पाणी येईपर्यंत वेगळा धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचं पांढरं ठिगळ गुलाबी होतं.

दोन गडद रंग, एक फिका आणि थोडासा पिवळा किंवा केशरी, एवढे पुरतात. ठिगळं जमिनीवर मांडून डोळे अर्धवट मिटून पाहा. गडद रंग एकाच कोपऱ्यात गोळा झालेत का, ते लगेच कळतं.

5 बाय 7 फुटांच्या गोधडीला 4 थर बास. थर ताणून अंथरा, मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मग कडेपासून आत बोटभर अंतरानं धावदोऱ्याच्या ओळी घाला. कच्चे टाके टाळले, की सगळा झोळ मध्ये साचून फुगा येतो. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा पीळ खाऊन गुंततो.