मोटर फिरते, पाणी येत नाही: विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा माझा अनुभव

एक एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला), सव्वा इंची सक्शन (विहिरीतून पाणी ओढणारा पाइप). रात्री पंप बंद केला की सकाळी पंपात पुन्हा पाणी भरावं लागायचं. अशा वेळी बहुतेक जण आधी मोटर खोलतात, तेवढं नको.

प्रायमिंगच्या, म्हणजे पंपात पाणी ओतायच्या तोंडातून काठोकाठ पाणी भरून दहा मिनिटं थांबलो. पातळी खाली गेली, म्हणजे फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) गळतोय. (पातळी टिकली आणि तरी पंप ओढत नसेल, तर संशय सक्शनच्या जोडावर किंवा ग्लँडवर (पंपाच्या शाफ्टभोवतीचं पॅकिंग). चालू पंपावर जोडाला साबणाचा फेस लावायचा. फेस आत ओढला गेला की हवा तिथूनच शिरते. तिथून पाणी गळताना दिसत नाही, म्हणून फसायला होतं.)

पाइप वर काढला. फुटव्हॉल्व्हमधला रबरी वायसर आणि तो टेकतो त्या बैठकीच्या मधे वाळूचा खडा अडकलेला, वायसरची कडही फाटलेली. वायसर बदलला, जाळी ब्रशने घासली, आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून फुटव्हॉल्व्ह बसवला. तो तळापासून फूट-दीड फूट वर ठेवला, नाहीतर गाळ ओढतो.

उन्हाळ्यात पाणी पंपापासून सहा-सात मीटरपेक्षा खाली गेलं, तर नवा फुटव्हॉल्व्हही उपयोगाचा नाही. पंपच खाली घ्यावा लागतो.